मूल नाही, हा प्रश्न एकट्या बाईचा नाही

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली की आपल्याकडे चौकशी सुरू होते. हळदीकुंकवाला गेलं की एखादी मावशी हळूच विचारते, बारशाला गेलं की पाळण्याजवळ उभं राहायलाही संकोच वाटतो. धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरायची, येरमाळ्याला येडाईला नवस बोलायचा. मग सुनेला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, गर्भनलिकांचा फोटो काढला जातो, दुर्बीण घातली जाते. वर्ष-दोन वर्षं ती गोळ्या खाते. आणि नवऱ्याची एक साधी, स्वस्त, न दुखणारी तपासणी मात्र तशीच राहून जाते.

का राहते? कारण पुरुषाच्या शरीराबद्दल बोलायचं नसतं, असं आपण धरून चाललो आहोत. त्याच्यात काही कमी असेल असा विचारसुद्धा घरात कुणी उच्चारत नाही. ही गप्प बसायची सवय मोडावी म्हणून एका मराठी माणसाने आपलं सगळं आयुष्य घालवलं. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. लोक त्यांना र. धों. म्हणून ओळखतात. संततिनियमनाचा प्रचार करणारे, एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असते. पण ज्या घरात पाळणा हलत नाही, त्या घरालाही त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

आईविना वाढलेलं पोर

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावचा. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे. आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी ही काही नवलाची गोष्ट नव्हती. घरोघरी बायका बाळंतपणात जात, घर चार दिवस रडे आणि पुढे चालू लागे. पण या मुलाने पुढे जन्मभर जो विषय धरला तो पाहिला, की आईचं ते जाणं मनातून पुसलं गेलं नसावं असं वाटतं.

अण्णासाहेबांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, घरच्यांच्या बाया. या लग्नामुळे मुरूडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. समाजाच्या विरोधात गेलं की काय सोसावं लागतं, हे रघुनाथाने लहानपणीच घरात पाहिलं.

मुलगा अभ्यासात फार हुशार. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून पुढे गणिताचे प्राध्यापक झाला. गणितासाठीच ते पॅरिसलाही जाऊन आले. फ्रेंच भाषेवर त्यांचं प्रभुत्व होतं. मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी, मानाची जागा, ठरलेला पगार. दुसरा कुणी असता तर एवढ्यावर सुखाने राहिला असता.

रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. आपल्या देशातलं हे पहिलंच. याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी तिथलं पहिलं केंद्र उघडलं होतं, म्हणजे आपला माणूस जगाच्या मागे नव्हता. पण हे विचार ते उघडपणे मांडू लागले तेव्हा कॉलेजच्या मिशनरी चालकांना ते चालेना. नोकरी सोडावी लागली. गणिताच्या प्राध्यापकाचं घर यानंतर कायम ओढाताणीत राहिलं.

मालतीबाई आणि एक शस्त्रक्रिया

या घराचा दुसरा खांब म्हणजे मालतीबाई, माहेरच्या गंगू गोखले. पैशाची चणचण, लोकांची थट्टा, कोर्टकचेऱ्या, सगळं त्यांनी नवऱ्याबरोबर सोसलं. आपल्याला मूल नको, सगळा वेळ या कामाला द्यायचा, असं दोघांनी मिळून ठरवलं. आता मूल नको म्हटल्यावर काहीतरी उपाय करायलाच हवा. तो उपाय रघुनाथरावांनी बायकोच्या शरीरावर केला नाही. त्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली.

हे किती मोठं होतं ते आजच्या आकड्यावरून कळतं. २०१९ ते २१ या काळात देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात शंभरातल्या जवळजवळ ३८ विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. आणि नवऱ्याचं ऑपरेशन झालेल्या? शंभरात एकसुद्धा नाही, हजारात जेमतेम तीन. बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीतून करावं लागतं, पुरुषाचं त्याहून कितीतरी सोपं. तरी आजही ऑपरेशनच्या कॅम्पला बाईच जाते.

पुरुषाच्या नसबंदीत काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शुक्राणू, म्हणजे पुरुषाचं बीज, अंडकोषातल्या दोन वृषणांत तयार होतं. तिथून ते दोन बारीक नळ्यांतून वर येऊन वीर्यात मिसळतं. नसबंदीत त्या नळ्या कापून बांधतात. बीजाची वाट बंद होते, बाकी काहीच बदलत नाही. ताकद तीच, इच्छा तीच, संबंध तेच, वीर्यसुद्धा जवळजवळ तेवढंच दिसतं. फक्त त्यात शुक्राणू नसतात.

म्हणजे बघा, मर्दानगी आणि मूल होण्याची क्षमता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट, मिशीवाल्या, आखाड्यात कुस्ती मारणाऱ्या गड्याच्या वीर्यातही शुक्राणू नसू शकतात. बाहेरून ओळखू येत नाही, त्याला स्वतःलाही कळत नाही. नसबंदीने जे होतं, ते काही पुरुषांच्या बाबतीत जन्मापासूनच झालेलं असतं. त्यांच्या त्या दोन नळ्या तयारच झालेल्या नसतात. वृषणात बीज आहे, पण बाहेर यायला रस्ता नाही. याचं कारण बहुतेक वेळा एका जनुकातल्या बिघाडात असतं, आणि ते जनुक आईवडिलांकडून आलेलं असतं.

बोलल्याबद्दल दंड

रघुनाथरावांना हे जनुकांचं माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांच्या काळी ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की शरीराबद्दलचं अज्ञान माणसाला, आणि त्यातही बाईला, फार महागात पडतं. म्हणून जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं. सोपी, सरळ मराठी. स्त्री-पुरुषांचं शरीर, गुप्तरोग, गर्भधारणा, लैंगिक सुख, सगळ्याबद्दल शास्त्राच्या आधाराने लिहायचं. बाईलाही शरीरसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात छापून सांगितलं. मासिकात वाचक आपल्या शंका पाठवत आणि ते उत्तरं देत. जी गोष्ट माणूस बायकोला, भावाला, डॉक्टरलाही विचारत नसे, ती त्यांना विचारत असे.

याची किंमत मोजावी लागलीच. व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखावरून १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला, आणि तोही वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. माणसं आपल्या शरीराबद्दल खऱ्या अडचणी विचारत असतील, तर त्यांना शास्त्रीय उत्तर देणं अश्लील कसं, असा बाबासाहेबांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरला. २०० रुपये दंड झाला. त्या काळात मासिक चालवून पोट न भरणाऱ्या माणसाला २०० रुपये म्हणजे डोंगर.

तरी मासिक बंद पडलं नाही. १९४४ साली मालतीबाई गेल्या. रघुनाथराव एकटे पडले, पण अंक निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ ला त्यांचं निधन झालं, आणि नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला. २६ वर्षं एका माणसाने एकट्याच्या हिमतीवर हे चालवलं. वडील अण्णासाहेब तेव्हा हयात होते. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, १९६२ साली ते गेले. वडिलांना मान मिळाला, तो रास्तच होता. मुलाच्या वाट्याला मात्र हयातीत दंडच आला.

आपला जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. शाळाच मोजक्या, मग बायकांचं शिक्षण कुठलं? मुंबईत एक माणूस ज्या गोष्टी छापून दंड भरत होता, त्या आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापैकी कित्येकींना मूल नाही म्हणून सवत आली. आणि सवतीलाही मूल झालं नाही, तर मग तिलाही वांझ म्हणायचं! तिसरी आणायची. दोष त्या चौथ्या माणसात असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

ते गेले, आणि शास्त्राने दार उघडलं

रघुनाथराव गेले त्याच वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये, डीएनएची रचना जगाला कळली. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत आईवडिलांकडून आलेली सगळी माहिती कशी साठवलेली असते, त्याचा तो उलगडा होता. तीनच वर्षांनी, १९५६ साली, माणसात ४६ गुणसूत्रं असतात हे नक्की झालं. गुणसूत्र म्हणजे जनुकांची माळ समजा. त्यातली ४४ स्त्री-पुरुषांत सारखीच. उरलेली दोन बाईत एक्स आणि एक्स, पुरुषात एक्स आणि वाय. म्हणून मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी किड्यांचा अभ्यास करून १९०५ सालीच हे दाखवलं होतं. तरी मुली होतात म्हणून बोलणी आजही आईच खाते.

१९५९ साली स्कॉटलंडमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. काही पुरुषांत एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, म्हणजे एकूण ४७. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. वाटतं तेवढं हे दुर्मीळ नाही. साधारण सहाशे-सातशे मुलग्यांमागे एकात हे असतं. असा मुलगा उंच असतो, वृषणं लहान राहतात, दाढीमिशी थोडी कमी असू शकते. पण तो शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो, संसार नीट चालतो. वीर्यात शुक्राणू नाहीत हे मूल होत नाही तेव्हाच कळतं, आणि तेही तपासणी केली तरच.

तिसरा प्रकार वाय गुणसूत्राचा. शुक्राणू तयार करायच्या सूचना या गुणसूत्रावर असतात, हे १९७६ साली लक्षात आलं. त्याचा बारीकसा तुकडा गळालेला असला, तर बीज तयारच होत नाही किंवा फार थोडं होतं. कोणता तुकडा गळाला त्यावर पुढचं ठरतं. एका ठिकाणचा गळाला असेल तर थोडे शुक्राणू मिळू शकतात, दुसऱ्या ठिकाणचा पूर्ण गळाला असेल तर शोधूनही मिळत नाहीत, मग उगाच ऑपरेशन करण्यात अर्थ नसतो. कधीकधी गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली असते. माणूस ठणठणीत, पण बायकोचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो. तिथेही बोल तिलाच लागतो.

नवऱ्याकडे कारण असलं की ते आनुवंशिकच असतं, असं मात्र नाही. वयात आल्यावर झालेले गालगुंड, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, जुना संसर्ग, तंबाखू-दारू, जिममध्ये अंग कमवायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, अशी पुष्कळ कारणं आहेत. त्यातल्या काहींवर इलाज होतो. पण एवढं लक्षात ठेवा, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडे कारण असतं, एकट्याकडे किंवा दोघांकडे मिळून.

नात्यातलं लग्न

याच कर्वे घराण्यातल्या एका सूनबाईंचं नाव इथे घ्यायला हवं. रघुनाथरावांचे सावत्र भाऊ दिनकरराव, त्यांच्या पत्नी इरावतीबाई कर्वे. मानववंशशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक. गावोगाव हिंडून त्यांनी भारतातल्या नातेसंबंधांचा अभ्यास केला आणि १९५३ सालीच त्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची मुलगी करायची रीत आहे, हे त्यांनी नोंदवलं. आपल्या मराठवाड्यात तर हे आपल्याला नव्याने सांगायला नकोच. भाचीला मामाच्या घरात द्यायची, शेतवाडी घरातल्या घरात राहते, माणसं ओळखीची असतात.

यात अडचण एवढीच, की एकाच रक्ताच्या दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते. एकेरी असेपर्यंत तो त्रास देत नाही. पण आई आणि बाप दोघांकडून तोच दोष मुलात आला, की आजार उघड होतो. शुक्राणू न बनण्याची काही कारणंही अशीच दुहेरी असतात. म्हणून नात्यात लग्न झालं असेल, सासरी-माहेरी कुणा काका-मामांना मूल झालेलं नसेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

मग करायचं काय?

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय पस्तिसाच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी. तालुक्याच्या गावी ही सोय नसली तर धाराशिव, लातूर, सोलापूर लांब नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. घरून नेला तर तासाभराच्या आत लॅबमध्ये पोहोचायला हवा. पहिला रिपोर्ट वाईट आला म्हणून खचायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

दोन्ही वेळा शुक्राणू शून्य किंवा फार कमी आले, तर पुढे हार्मोनच्या तपासण्या, आणि मग रक्तातून गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राची तपासणी. लागणारं फक्त रक्त असतं. ते पुण्या-मुंबईच्या लॅबकडे पाठवता येतं. रिपोर्ट यायला वेळ लागतो, खर्चही होतो. पण बाईवर वर्षानुवर्षं होणारे नुसते प्रयोग वाचतात, ते त्याहून महाग असतात.

कारण कळलं तर वाटही कळते. नळ्या नसतील तर वृषणातून सुईने बीज काढता येतं. क्लाइनफेल्टर असलेल्या काही पुरुषांतही दुर्बिणीखाली शोधून बीज मिळतं. १९९२ पासून एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्याची इक्सी नावाची पद्धत आली आहे, आपल्याकडेही ती रुळली आहे. मात्र त्याआधी सल्ला घ्यावाच लागतो. नळ्यांच्या दोषात पत्नीचीही त्याच जनुकासाठी तपासणी करतात, नाहीतर बाळाला मोठा आजार होऊ शकतो. वाय गुणसूत्राचा दोष असेल तर होणाऱ्या मुलग्यातही तोच उतरतो. हे आधी कळलेलं बरं. बीज मिळालंच नाही तर दात्याचं बीज किंवा दत्तक मूल हे दोन रस्ते आहेत. २०२१ च्या कायद्याप्रमाणे असे उपचार नोंदणी झालेल्या केंद्रातच घ्यायचे, हे विसरू नका.

आणि एक गोष्ट, मैत्रिणींनो. दोष नवऱ्यात निघाला म्हणून आता त्याला टोमणे मारायचे, असं करू नका. आजवर बाईने जे सोसलं तेच पुरुषाच्या गळ्यात घालणं हा काही न्याय नाही. जनुक कुणी मागून घेत नाही. ते पाप नाही, शाप नाही, कुणाची नजर लागलेली नाही. डोळ्यांचा रंग जसा येतो, तसंच हेही येतं. सासूबाईंना हे सांगणं अवघड आहे खरं. ते नवऱ्याने स्वतः आपल्या आईला सांगितलं, तर सुनेच्या डोक्यावरचं ओझं एका दिवसात उतरेल.

रघुनाथरावांनी नेमकं हेच करून दाखवलं होतं. आपल्या शरीराची जबाबदारी त्यांनी बायकोवर ढकलली नाही, आणि शरीराबद्दल बोलायला ते कधी लाजले नाहीत. त्यासाठी त्यांना नोकरी सोडावी लागली, कोर्टात उभं राहावं लागलं, दंड भरावा लागला. आपल्या नवऱ्यांना यातलं काहीच करावं लागणार नाही. त्यांनी फक्त एकदा लॅबपर्यंत जायचं आहे. आज रात्री जेवणं झाली, की हा विषय घरात काढाच.